दिवसाला बारा

हिंगणघाटात एका मामाचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, बारशाचे, साक्षगंधाचे आणि शेवटी हार घालायचे. माणूस जन्मल्यापासून जाईपर्यंतचं सगळं काम त्या एका खोलीत व्हायचं. भाचा तिथेच शिकला. मग त्यानं हप्त्यावर डिजिटल कॅमेरा घेतला, दोन लग्नसराया मारल्या आणि त्याच्या डोक्यात आलं की आता खेड्यातले फोटो काढायचे. शहरातल्या स्पर्धांमध्ये असल्या फोटोंना बक्षिसं मिळतात, हे त्यानं मोबाइलवर पाहिलं होतं.

वणा नदीच्या पल्याड त्याच्या मित्राच्या गावातल्या एका कास्तकाराचं वावर होतं. दिवाळी होऊन गेली होती, पऱ्हाटी फुटून पांढरी झाली होती, बाया कमरेला झोळ्या बांधून वेचत होत्या. एक आजी डोक्यावर गाठोडं घेऊन धुऱ्याकडे निघाली. भाच्यानं तिला थांबवलं. मागे जायला लावलं, पुन्हा यायला लावलं. उन्हाकडे बघ म्हणाला. पुन्हा मागे पाठवलं. तिसऱ्या खेपेला त्याला पाहिजे तसा फोटो मिळाला. आजीनं गाठोडं खाली टाकलं, कमरेवर हात ठेवला आणि विचारलं, "झालं का बाबू?"

संध्याकाळी त्यानं तो फोटो मामाला दाखवला. मामानं चष्मा पुसला, कॅमेऱ्याच्या पडद्यावर आजीचा चेहरा मोठा केला आणि बराच वेळ पाहत राहिला.

"उजेड चांगला हाये," तो म्हणाला. "गाठोडंबी चांगलं दिसते. पन तिचे डोये पाय राजा. ती वावरात नाईच या टायमाले. तुह्याकडं पाहून रायली, आता काय सांगते हा पोट्टा म्हनून. नाव काय तिचं?"

"मालूम नाई मामा."

"दिवसाचं किती वेचते?"

"नाई विचारलं."

"मंग कोनाचा फोटो काढला तू?"

भाचा गप्प झाला. मामा त्याला टोचून बोलला नाही. त्यानं कपाटातून जुना यशिका काढला, दोन भिंगं एकाखाली एक असलेला, वरचं झाकण उघडून डोकावायचा. "पाय यात," म्हणाला. भाच्यानं कॅमेरा पोटाशी धरून मान खाली घातली. काचेवर रस्त्यावरची वर्दळ दिसत होती, पण डावं उजवीकडे गेलेलं. उजवीकडून सायकलवाला आला की काचेत तो डावीकडून यायचा. आणखी एक गोष्ट भाच्याच्या ध्यानात आली. समोर बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकाला आपण त्याच्याकडे पाहतोय हे कळलंच नव्हतं. डोळ्याला लावायचा कॅमेरा माणसावर रोखलेला असतो, या कॅमेऱ्यासमोर मान झुकवावी लागते.

"असाच होता कनुभाईंपाशी," मामा म्हणाला. "सेवाग्रामले. आपल्याच जिल्ह्यात. आन आपल्यालेच मालूम नाई."

मामा-भाचा या गोष्टीपुरते आहेत. कनुभाई मात्र पूर्ण खरे, आणि त्यांची हकिकत जरा सावकाश सांगितली पाहिजे.

कनू गांधी यांचा जन्म १९१७ चा. वडील नारणदास हे नात्यानं गांधीजींचे पुतणे, साबरमती आश्रमाची व्यवस्था पाहणारे; म्हणजे कनू बापूंचे नात्यानं नातू. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले. जमीन जमनालाल बजाजांची. विजेचा पत्ता नसलेलं, चिखलवाटेचं खेडं. पुढे टपाल शेगावच्या नावानं चुकू लागलं म्हणून १९४० मध्ये सेगावचं सेवाग्राम झालं. तिथल्या कचेरीत महादेवभाई देसाईंच्या हाताखाली कनू पत्रव्यवहार आणि हिशेब सांभाळायचे. विशीतला पोरगा. विनोबांचे धाकटे भाऊ शिवाजी भावे यांनी त्यांच्या मनात घातलं की बापूंचं रोजचं जगणं कुणीतरी टिपून ठेवायला पाहिजे. पण कॅमेऱ्यासाठी आश्रमाकडे पैसे नव्हते आणि बापू ते देणारही नव्हते. शेवटी घनश्यामदास बिर्लांनी १०० रुपये दिले. त्यातून रोलायफ्लेक्स आला आणि फिल्मचा रोल आला.

बापूंनी परवानगी दिली ती तीन अटींवर. फ्लॅश वापरायचा नाही. मला कधी इकडे बघा, असं बसा म्हणायचं नाही. आणि या कामासाठी आश्रम एक पैसा देणार नाही.

मला या तीन अटी फार मोलाच्या वाटतात. वरवर पाहिलं तर त्या फोटोग्राफरचे हातपाय बांधणाऱ्या आहेत. मातीच्या भिंती, खाली उतरलेलं कौलारू छप्पर, एक-दोन खिडक्या. अशा खोलीत फ्लॅशशिवाय फोटो घ्यायचा म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागणार आणि तेवढ्या वेळात हललेली बोटं पुसट होणार. पण त्याच अटींमुळे कनुभाई खोलीतल्या सामानासारखे होऊन गेले. ते आहेत हे कुणाला जाणवेनासं झालं. भर उन्हाळ्यात डोक्यावर उशी घेऊन बसलेले बापू, कुष्ठरोगी परचुरेशास्त्रींची सेवा करणारे बापू, कचेरीत टेलिफोन कानाला लावलेले, सूक्ष्मदर्शकात डोळा घातलेले, रेल्वेच्या डब्यातून हरिजन फंडासाठी हात पुढे केलेले बापू. त्या वेळी बाहेरचे छायाचित्रकारही बापूंचे फोटो काढायला येत होते. ते यायचे, थोडे दिवस राहायचे, जायचे. कनुभाई तिथेच जेवायचे, तिथेच झोपायचे, तिथेच हिशेब लिहायचे. एका रोलमध्ये बारा फोटो. बारा झाले की पुढचा रोल मिळेपर्यंत नुसतं पाहायचं. पुढे वर्तमानपत्रं फोटो विकत घेऊ लागली, कलकत्त्याच्या अमृत बाजार पत्रिकेनं मानधन लावून दिलं, तेव्हा कुठे फिल्मची चिंता थोडी हटली.

एक फोटो मात्र त्यांनी काढला नाही. फेब्रुवारी १९४४. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा शेवटच्या आजारात होत्या आणि त्यांच्या सेवेसाठी कनुभाईंना आत राहू दिलं होतं. बांचं डोकं बापूंच्या मांडीवर होतं. बापूंनी नको म्हटलं आणि कनुभाईंनी कॅमेरा बाजूला ठेवला. २२ फेब्रुवारीला बा गेल्या. तसा फोटो असता तर तो आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात असता. तो नाही, आणि मला वाटतं त्या न काढलेल्या फोटोमुळेच काढलेल्या फोटोंवर माझा विश्वास बसतो.

३० जानेवारी १९४८ ला बिर्ला हाउसच्या हिरवळीवर बापूंच्या एका बाजूला मनू होत्या, दुसऱ्या बाजूला आभा, म्हणजे कनुभाईंच्या पत्नी. कनुभाई स्वतः नौखालीत होते, बापूंनीच सोपवलेल्या कामावर. दहा वर्षं सावलीसारखा राहिलेला माणूस त्या एका दिवशी जवळ नव्हता. त्यानंतर नवरा-बायको राजकोटकडे गेले आणि ग्रामसेवेत रमले. कनुभाई १९८६ मध्ये वारले. त्यांचे फोटो दिनदर्शिकांवर, पुस्तकांत, सरकारी कचेऱ्यांच्या भिंतींवर सगळ्या देशानं पाहिले होते, खाली नाव क्वचितच असायचं. भरीस भर म्हणजे जुहूच्या वाळूत बापूंची काठी धरून पुढे ओढत नेणारा जो छोटा मुलगा सगळ्यांना आठवतो त्याचंही नाव कनूच. तो रामदास गांधींचा मुलगा, अगदी वेगळा. त्यामुळे कुणी कनू गांधी म्हटलं तरी लोकांना फोटोत दिसणारा मुलगा आठवायचा, फोटो काढणारा नाही. दिल्लीच्या नझर फाउंडेशननं त्यांच्या छायाचित्रांचं नीट पुस्तक काढलं ते २०१५ मध्ये.

मामानं ही हकिकत त्याच्या पद्धतीनं सांगितली आणि पुढच्या रविवारी भाच्याला घेऊन गाडीत बसला. हिंगणघाट ते सेवाग्राम, तीस-पस्तीस किलोमीटर. स्टेशन सोडताना मामा म्हणाला की आपल्या या गावात आणखी एक जण निजला आहे, त्यालाही कुणी विचारत नाही. विल्यम लॅम्ब्टन. १८०२ मध्ये मद्रासपासून हिंदुस्थान मोजायला निघाला, साखळ्या आणि दुर्बिणी घेऊन मोजत मोजत वर सरकत आला आणि जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला मेला. ज्या मापनावर पुढे हिमालयाची उंची ठरली त्याची सुरुवात या माणसाची. परदेशी लोक त्याची कबर शोधत येतात आणि आपल्याला वाट विचारतात.

बापूकुटीत दोघं शांतपणे बसले. आत अंधार नव्हता, पण उजेडही बेताचा होता, खिडकीतून येऊन जमिनीवर पडलेला. भिंतीवर बापूंच्या शिष्या मीराबेन यांनी मातीत उठवलेलं ताडाचं झाड. भाच्यानं कॅमेरा हातात घेऊन मनातल्या मनात हिशेब केला, इथे फ्लॅशशिवाय काय येईल. "काईच नाई येत मामा," तो हळूच म्हणाला.

"येते. बसा लागते."

परत येताना मामानं त्याला बापूंच्या तीन अटी लावल्या. फ्लॅश नाही. कुणाला उभं राहा, मागं जा म्हणायचं नाही. या कामासाठी कुणाचा पैसा घ्यायचा नाही. त्यात दोन स्वतःच्या टाकल्या. दिवसाला बाराच फोटो. कार्डात जागा असली तरी बाराच. आणि ज्याचा फोटो निघाला त्याचं नाव त्याच रात्री वहीत.

वेचणीचा हंगाम संक्रांतीच्या पुढेही चालतो. भाचा मिळेल त्या दिवशी वावरात जाऊ लागला. सुरुवातीचे काही दिवस वाया गेले असंच त्याला वाटलं. बाया त्याच्याकडे बघून पदर सारखा करायच्या, हसायच्या, एकमेकींना कोपर मारायच्या. मग त्याला नुसतं बसून राहायचा कंटाळा आला आणि तोही कापूस वेचायला लागला. बोंडाच्या वाळक्या पाकळ्या बोटांत रुततात, नखांच्या कडांना रक्त येतं, हे त्याला तेव्हा कळलं. एका दुपारी आजीनं, त्याच आजीनं, त्याचे हात पाहिले आणि फडक्याची चिंधी फाडून बोटाला बांधली. तिला त्यानं नाव विचारलं. तिनं नुसतं नाव सांगितलं नाही, माहेरचं गाव सांगितलं, नवरा हिंगणघाटच्या कापड गिरणीत होता ते सांगितलं, गिरणीचा भोंगा झाला की चूल पेटवायची ते सांगितलं. हिंगणघाटचा कापूस एकेकाळी विलायतेच्या बाजारात गावाच्या नावानं ओळखला जायचा. तिला ते माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण तिची बोटं त्याच कापसाची होती.

खरं दृश्य संध्याकाळी असायचं, काट्यावर. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. दिवस कलला की लिंबाच्या फांदीला काटा टांगायचा, एकेकीचं गाठोडं आकड्याला लावायचं आणि कास्तकार आकडा वाचून वहीत लिहायचा. त्या वेळी कुणालाही कॅमेऱ्याची शुद्ध नसायची. सगळ्यांचे डोळे काट्याच्या सुईवर. सुई थरथरून थांबेपर्यंत आजीचे ओठ हलत असायचे, ती मनातल्या मनात आपला अंदाज लावायची. कास्तकारानं आकडा सांगितला आणि तो तिच्या अंदाजापेक्षा कमी निघाला की ती काही न बोलता गाठोड्याची एक गाठ पुन्हा घट्ट करायची, जणू त्यानं वजन वाढणार होतं. कास्तकार ते पाहायचा, हसायचा आणि अर्धा किलो वर लिहायचा. त्याचंही काही खरं नव्हतं. बोंडअळीनं त्याचं निम्मं पीक आधीच खाल्लं होतं, बाजारभाव उतरलेला होता आणि तरी तो अर्धा किलो लिहायचा.

भाच्यानं त्या काट्याचे खूप फोटो काढले, दिवसाला बारा या हिशेबानं. बहुतेक अंधुक आले. काहींत सुई दिसत होती पण चेहरे हलले होते. मामा रोज रात्री पाहायचा आणि बहुतेक वेळा नुसतं "हं" म्हणायचा. एका रात्री मात्र त्यानं खुर्ची पुढे ओढली. त्या फोटोत आजीचे ओठ अर्धवट उघडे होते, मागे दोन बाया मान वर करून सुईकडे पाहत होत्या, आणि कडेला, अर्धा फांदीआड, आकडा धरून उभा असलेला कास्तकार मान मागे टाकून हसत होता. मामानं नावं विचारली. भाच्यानं न अडखळता चारही नावं सांगितली.

माघ महिन्यातल्या एका सकाळी त्या कास्तकाराची बातमी आली. विदर्भात कास्तकाराचं असं जाणं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. भाचा मित्राबरोबर गावात पोचला तेव्हा अंगणात गर्दी होती. काही जण मोबाइल वर धरून उभे होते. बाहेरगावाहून दोघं-तिघं आले होते, ते कास्तकाराच्या बायकोला पोराला जवळ घेऊन बसायला सांगत होते, म्हणजे दोघं एका फोटोत येतील. कुणीतरी भाच्याला ओळखलं आणि वाट करून दिली. "तुह्यापाशी मोठा कॅमेरा हाये न, समोर ये."

भाच्यानं कॅमेरा पिशवीत घातला, पिशवी मित्राच्या घरी ठेवली आणि हंडा घेऊन बोअरिंगवर गेला. दिवसभर तो पाणी भरत होता. आजी ओट्यावर बसली होती. तिनं त्याच्याकडे एकदा पाहिलं, काही बोलली नाही.

रात्री त्यानं हे मामाला सांगितलं आणि शेवटी म्हणाला की लोकांना हे दिसायला पाहिजे होतं, मी नाही काढला तर कोण काढणार. प्रश्न खरा होता. कास्तकाराचं मरण कुणी पाहिलंच नाही तर सरकार हलत नाही, हेही खरं आहे. मामा बराच वेळ विचार करत होता. "त्याच्या बायकोनं तुले बलावलं असतं तर काढाचा होता," तो म्हणाला. "तिनं बलावलं नाई, लोकायनं बलावलं."

तेराव्यानंतर कास्तकाराची बायको स्टुडिओत आली. बरोबर पोरगा होता. तिनं पिशवीतून नवऱ्याचं आधार कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. भिंतीवर लावायला मोठा फोटो पाहिजे होता आणि घरात त्याचा दुसरा फोटो नव्हता. लग्नाचा होता तो ओलीनं खराब झाला होता. मामानं कार्डावरचा फोटो मोठा करून दाखवला. ताठ मान, घाबरलेले डोळे, करडी पार्श्वभूमी. बाईनं पाहिलं आणि नजर वळवली. पोरगा म्हणाला, "बाबा असे नव्हते."

भाचा उठला, वही उघडली. नावावरून तारीख काढली, तारखेवरून फोटो. काट्याचा तो फोटो त्यानं पडद्यावर आणला आणि काही न बोलता पडदा तिच्याकडे वळवला.

बाईनं पदर तोंडाला लावला. पोरगा पुढे झाला आणि हसणाऱ्या माणसाकडे बोट दाखवून आईला म्हणाला, "पाय, आजीले जास्त लिवून देऊन रायले."

मामानं भाच्याला सांगितलं की त्याला एकट्याला कापून मोठं कर, भिंतीसाठी तसंच लागतं. बाई म्हणाली नको. आहे तसाच पूर्ण पाहिजे, आजीसकट, काट्यासकट. पैशाचं तिनं विचारलं तेव्हा मामानं नेहमीच्या फोटोचा भाव सांगितला, कमी नाही, जास्त नाही. तिनं रुमालाची गाठ सोडून तेवढे मोजून दिले.

फोटो निघाल्यावर भाच्यानं मागच्या बाजूला चारही नावं लिहिली, गाव लिहिलं, तारीख लिहिली आणि पेनाला टोपण लावलं. मामानं ते टोपण पुन्हा काढलं, त्याच्या हातून फोटो घेतला आणि चार नावांच्या खाली पाचवं नाव लिहिलं, भाच्याचं.

"कायले मामा?"

"कनुभाईचं कोनं लिवलं नाई," मामा म्हणाला. "तू नोको लिवू. मी लिवतो."

बाईनं फोटो कागदात गुंडाळून घेतला. दारापर्यंत जाऊन ती परत आली.

"भाऊ, आनखी एक काढून ठेवजो. आजीच्या घरी तिचा एकबी फोटो नाई. बाजाराच्या दिवशी मी घेऊन जाईन. आन मागं नावं लिवजो अशीच."